पाने उलटणारा अंक वाचला जातोच असे नाही

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की कोल्हापुरातल्या संपादक मंडळींत एक सल्ला हमखास फिरतो: डिजिटल अंकाची पाने कागदासारखी उलटायला हवीत, लेखांना व्हिडिओ आणि आवाजाची जोड हवी, कारण नुसता मजकूर मोबाईलवर आता कोणी वाचत नाही. छोट्या अंकांचा पैसा आणि श्रम या सल्ल्यापायी भलतीकडे खर्च होत असल्याने त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा पान उलटण्याचा. छापील अंकाचे दोन रकान्यांचे पान जसेच्या तसे मोबाईलवर आले की अक्षर मुंगीएवढे होते. मग वाचक दोन बोटांनी पान मोठे करतो, ओळ संपेपर्यंत ते डावीकडे सरकवतो, पुढच्या ओळीसाठी पुन्हा मागे आणतो आणि पहिला रकाना संपला की तळापासून थेट माथ्यापर्यंत जातो. एवढ्या खटाटोपात कथेचा धागा सुटतो, आणि पान उलटताना सळसळ ऐकू आली म्हणून तो परत हाती लागत नाही. वाचकाला खरी गरज असते ती पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडल्या जाणाऱ्या ओळींची, हवे तेवढे मोठे करता येणाऱ्या अक्षराची आणि शोधता येईल अशा युनिकोड मजकुराची. शिवाय ब्राउझरमध्ये हलती चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश या जुन्या तंत्रावर बांधलेले असे अंक, २०२०च्या अखेरीस त्या तंत्राचा आधार थांबल्यावर, ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले.

व्हिडिओ सरसकट टाकाऊ आहे, असे माझे म्हणणे नाही. खासबाग मैदानातल्या कुस्तीवरच्या लेखात धोबीपछाड कितीही शब्दांत मांडली तरी अपुरीच पडते. तिथे वाचकाने दाबल्यावरच सुरू होणारी, हवी तिथे थांबवता येणारी छोटी चित्रफीत लेखाचेच काम करते. त्याचप्रमाणे २०१९च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कशी चढत गेली, हे बोटाने सरकवत पाहता येणारा आलेख मला हवाच आहे. आपोआप वाजू लागणारा आवाज मात्र केएमटीच्या शहर बसमध्ये किंवा वाचनालयात बसलेल्या माणसाला अंकच बंद करायला लावतो. संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांतही तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी-जास्त करण्याची सोय अपेक्षिलेली आहे.

वाचक अशा अंकावर जास्त वेळ थांबतो, हा या सल्ल्याच्या बाजूने दिला जाणारा पुरावाही लंगडा आहे. अनुक्रमणिका शोधण्यात गेलेला वेळही त्याच आकड्यात मोजला जातो. लेखाच्या शेवटापर्यंत किती जण पोहोचले, हे पाहणे अधिक योग्य.

राहता राहिला मजकूर न वाचण्याचा आरोप. मजकूर वाचताच येऊ नये अशा मांडणीवरून तो निष्कर्ष काढलेला आहे. आधी अनुक्रमणिकेतून एका स्पर्शात लेख उघडू द्या, जिथे वाचन थांबले होते तिथेच अंक पुन्हा उघडेल अशी सोय करा, आणि मग वाचकाची परीक्षा घ्या.