शुक्रवारी दुपारी कायदा कसा करावा

खासदार झालात, अभिनंदन! मंत्रिपद हुकलं म्हणून हिरमुसू नका. मंत्री नसलेला कुठलाही खासदार, अगदी सत्ताधारी बाकांवरचासुद्धा, स्वतःचं विधेयक आणू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. स्वातंत्र्यानंतर अशा 14 विधेयकांचे कायदे झाले. शेवटचा 1970 मध्ये. एवढ्या वर्षांत रांग पुढे सरकलेली नाही, म्हणजे पुढचा नंबर तुमचाच.

महिनाभर आधी नोटीस द्या, सोबत उद्देश व कारणांचं निवेदन जोडा. सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल, तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज, लागतं आणि विधेयक विचारात घ्यायला राष्ट्रपतींची शिफारसही. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. थोडक्यात, ज्या खात्याचे कान उपटायचे, त्याचीच आधी मर्जी राखायची. त्यापेक्षा फुकटात होणारा कायदा सुचवा.

मांडणं अगदी सोपं. नाव पुकारलं की उठायचं, परवानगीचं एक वाक्य म्हणायचं, चार जण ‘हो’ म्हणतात, झालं. लगेच संसद भवनाच्या मकरद्वारापाशी जाऊन प्रत छातीशी धरून फोटो काढा. उशीर करू नका, बहुतेक विधेयकांची कहाणी इथेच सुफळ संपूर्ण होते.

तरीही चर्चा हवीच असेल, तर सोडतीत नाव निघावं लागतं. मग शुक्रवारचे शेवटचे अडीच तास तुमचे, तेही एक शुक्रवार विधेयकांना, दुसरा ठरावांना. चार आठवड्यांच्या अधिवेशनात हिशेब करून पाहा. शिवाय शुक्रवारी दुपारी खासदारांचं लक्ष घड्याळाकडे आणि गावाकडच्या विमानाकडे. लोकसभेत गणपूर्तीला 55 जण लागतात. कुणी डोकी मोजा म्हणालं की घंटा वाजते, घंटेनंही माणसं आली नाहीत की सभागृह तहकूब. म्हणून विरोधकांपेक्षा आपल्याच मित्रांना चहासाठी थांबवून ठेवा.

शेवटी मंत्री उठतात. भावनेशी सहमत असतात, सरकार या विषयावर गंभीर असतं आणि सर्वंकष विधेयक विचाराधीन असतं. तेव्हा सन्माननीय सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं. तुम्ही घ्यायचं. त्यालाही सभागृहाची परवानगी लागते. ती मात्र मिनिटभरात मिळते.

हट्टी असाल, तर पूर्वसुरींकडे पाहा. संसदेच्या कामकाजाच्या वृत्तांकनाला संरक्षण देणारा 1956 चा कायदा फिरोझ गांधींच्या अशासकीय विधेयकातून आला. आणीबाणीत, 1976 मध्ये, तो रद्द झाला. सरकार त्यांच्या पत्नीचं होतं, एवढंच नोंदवतो. द्रमुकचे खासदार तिरुची शिवांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं 24 एप्रिल 2015 ला एकमतानं मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं, 2019 मध्ये सरकारनं स्वतःचाच कायदा केला.

आणि लोकसभा विसर्जित झाली की तिथलं तुमचं विधेयकही निकालात. खचू नका, शीर्षकातलं साल बदला आणि पुन्हा द्या. कामाची वेळ संपल्यावर साहेबांचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं विधेयक सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये मांडलं, 2025 मध्ये पुन्हा मांडलं. साहेबांचे फोन अजून येतात.