चार बादल्या आणि एक वाकळ

सामानाच्या यादीत पहिलं नाव बादलीचं होतं. दुसरंही बादलीचंच. तिसऱ्या नंबरवर आईच्या अक्षरात ‘झाकणाची बादली’ आणि चौथ्यावर नुसतंच ‘मोठी’. पाचव्या नंबरवर अंथरूण-पांघरूण आलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला, पण ते फार लवकर झालं. त्याखाली ‘घागर (लहान)’ होती.

ही 2017 सालची गोष्ट. बारावीला लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालो आणि इंजिनिअरिंगला नंबर लागला तो थेट रत्नागिरी जिल्ह्यात. खरं तर होस्टेल म्हणजे काय, हे आमच्या गल्लीला कुणी शिकवायची गरज नाही. शिकायला पोरं लातूरला येतात. प्रत्येक घराच्या माळवदावर एक पत्र्याची खोली आणि तिच्यात नांदेड, परभणी, बीडची तीन-चार पोरं भाड्यानं. त्यामुळे सगळ्या काकू सल्ला द्यायला तयार होत्या. फक्त तो घरमालकिणीच्या बाजूनं असायचा. ‘हिटर नेऊ नको, मीटर पळतंय.’ ‘रात्री गाणी लावू नको.’ ‘भिंतीला खिळे मारायचे नाहीत बरं का.’ काय न्यायचं, ते एकीलाही सांगता येईना.

ते आईला माहीत होतं. पाणी.

तिचं चूक नव्हतं. आदल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम लागलं होतं, म्हणजे पाचाहून जास्त माणसं हंडे घेऊन एकत्र उभी राहिली तर तो गुन्हा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले, जसं नव्या नवरीला बघायला जातात. आमच्या घरात तेव्हा भरता येईल असं एकही भांडं रिकामं नव्हतं. भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि फरशी पुसलेलं पाणी तुळशीला घालायचं. त्या तुळशीला फिनेलचा वास यायचा, पण जगली.

“आई, कोकणात लई पाऊस असतोय गं,” मी म्हणालो. “लातूरला वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. तिथं तीन हजारांच्या पुढं.”

“पाऊस असतोय,” आई म्हणाली. “नळाचं काय?”

भूगोलात मला शंभरपैकी 91 होते. उत्तर देता आलं नाही.

वडिलांचा बादल्यांवर विश्वास नव्हता, त्यांचा झेरॉक्सवर होता. दहावीची गुणपत्रिका वीस प्रती, बारावीची वीस प्रती, जातीचा दाखला, रहिवासी, उत्पन्नाचा, शिवाय पासपोर्ट साइजचे 48 फोटो. एवढे फोटो निवडणुकीच्या उमेदवारालाही लागत नसावेत. हे सगळं तीन पिशव्यांत, एकीत एक घालून, वरून रबर. आमच्या अख्ख्या सामानात पावसाला तोंड देऊ शकेल अशी ती एकच वस्तू होती, आणि तीही योगायोगानंच. वडिलांना भीती पावसाची नव्हती, क्लार्कची होती.

आजीनं वाकळ काढली. ज्यांनी वाकळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिला गोधडी म्हणणं म्हणजे बैलाला वासरू म्हणणं. आत आजीची आठ लुगडी, वडिलांचं एक धोतर आणि बहुधा आणखी कुणाचं तरी काही. पांघरली की कूस बदलायला बाहेरून मदत लागते.

“आजी, तिथं थंडी नसते.”

“थंडीसाठी कोण देतंय? घरचा वास येतोय तिला.”

आता प्रश्न वजनाचा. रेल्वेत स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, हा नियम आयुष्यात ज्यांना पाळावासा वाटला असे एकमेव गृहस्थ आमचे वडील. काकांची मार्केट यार्डात आडत आहे. तिथं सोयाबीनच्या काट्यावर माझा संसार चढवला. हमालानं आकडा बघितला, मला बघितलं आणि विचारलं, “मालक, ह्यो माल कुठं चाललाय?” एकूण 71 किलो. वडील सोडायला येणार, म्हणजे दोघांचे मिळून 80. वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आईच्याही. तिनं घरी येऊन उरलेल्या नऊ किलोंची तजवीज केली.

त्यात आजीचा शास्त्राधार कामाला आला. आमची गाडी नागपूर-कोल्हापूर, म्हणजे कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असा रस्ता. पाण्याची रेल्वे याच रुळांवरून उलटी आली होती. आजी म्हणाली, “मिरजेचं पाणी पिलोय आपण. कुणाकडं भांडं रिकामं नेत नसतेत.” झालं. पहिल्या बादलीत धपाटे, दुसरीत शेंगदाण्याची चटणी, तिसरीत येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ. येसरची आमटी करायला शेगडी लागते आणि होस्टेलच्या नियमावलीत शेगडीच्या नावापुढे ‘सक्त मनाई’ होती, पण ती नियमावली वडिलांनी झेरॉक्स काढून पिशवीत ठेवल्यामुळे कुणी वाचलेली नव्हती.

मिरजेला गाडी थांबली तेव्हा वडील खाली उतरले. चहा घेतील असं वाटलं. त्यांनी फलाटावरच्या नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले, आणि कुणी बघत नाही असं पाहून नळाला नमस्कार केला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुढे कोल्हापूरहून एसटी. आंबा घाट लागला आणि खिडकीबाहेर जे सुरू झालं ते बघून कळलं की मी आजवर ज्याला पाऊस म्हणत आलो होतो तो पाऊसच नव्हता. आमच्याकडे पाऊस येतो. तिथं तो राहायलाच असतो. बादल्या टपावर होत्या. उतरलो तेव्हा चारही काठोकाठ भरलेल्या. धपाटे, चटणी आणि येसर यांचं मिळून एक नवीनच कालवण तयार झालं होतं.

रूममेट सावंतवाडीचा. त्याचं सगळं सामान एका पिशवीत आणि एका लहान बादलीत मावलं होतं. नायलॉनची दोरी, डांबरगोळ्या, दोन छत्र्या, रबरी चपला आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. रद्दी घेऊन होस्टेलला येणाऱ्या माणसाची मला कीव आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “येवढ्यो बालद्यो कित्याक रे?”

आठवड्याभरात मला ती रद्दी का होती ते कळलं. बुटात कोंबायला. माझ्या चामडी बुटांवर तोवर हिरवी मखमल उगवली होती, वडिलांनी दिलेल्या पट्ट्यावर पांढरी. चार जीन्स नेल्या होत्या. एक धुतली ती पाच दिवस दोरीवर होती, दोरीही त्याचीच. शेवटी मी ओलीच घातली आणि ती दुपारपर्यंत अंगावर वाळली, म्हणजे वर्गातला पंखा आणि मी दोघांनी मिळून वाळवली. वाकळीचं तर बोलूच नये. ती कशात भिजली नाही, नुसती खोलीत राहिली, आणि हवेतलं पाणी पिऊन इतकी जड झाली की आडतीवरच्या काट्यालाही कापरं भरलं असतं. घरचा वास गेला. नवा आला. रूममेटनं एक दिवस अत्यंत सभ्यपणे विचारलं, “ह्यात कोण आसा?”

मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमची खोली गळू लागली. चार ठिकाणी.

मी एक अक्षर बोललो नाही. पलंगाखालून एकेक बादली काढली आणि जागेवर ठेवली. झाकणाची होती तिचं झाकण काढलं. सावंतवाडीचा माणूस भिंतीला टेकून बघत राहिला. चार सुरांत टपटप सुरू झालं. ‘मोठी’ खर्जात होती. रात्री आईचा फोन आला.

“पाण्याचं कसं आहे?”

“चारही भरायल्यात.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग सौम्य आवाजात, “झाकून ठेव. डास होतेत.”

त्या रात्री दोनच्या सुमारास कसल्याशा आवाजानं जाग आली. रूममेट काठोकाठ भरलेली मोठी बादली खिडकीशी घेऊन गेला होता. त्यानं ती तिरकी केली आणि सगळं पाणी धो धो बाहेर ओतलं. मी वाकळीसकट उठून बसलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, “अरे फेकायलास काय! चांगलं पाणी आहे ते!”

त्यानं खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि रिकामी बादली हळूच गळतीखाली परत ठेवली.