एस्बियर्ग : 'सगळं आयतं मिळालं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी माझ्या लेखात एस्बियर्ग या डॅनिश बंदराचं फुकटचं कौतुक केलंय, आधी मासे, मग तेल, मग वारा, सगळं आयतं ताटात पडलं, शहराने काय दिवे लावले? आणि मच्छीमारांची वाट लागली ते मी लपवलं.

अहो, तिथे मुळात बंदरच आयतं नव्हतं. जटलँड, म्हणजे डेन्मार्कचं मुख्य द्वीपकल्प, त्याचा पश्चिम किनारा म्हणजे नुसती वाळू. 1864 च्या प्रशिया-ऑस्ट्रियाबरोबरच्या युद्धात डेन्मार्कच्या हातचा दक्षिणेकडचा श्लेस्विग-होल्स्टाइन प्रदेश गेला, तिकडची बंदरंही गेली, मग इंग्लंडला गुरं-लोणी पाठवायचं कुठून? म्हणून 1868 ला सरकारने कायदा करून जिथे जेमतेम दोन-चार शेतघरं होती तिथे बंदर बांधायला काढलं. समोर फॅनो बेट आहे म्हणून लाटा अडतात, निसर्गाची मदत तेवढीच, बाकी जहाजांच्या वाटेतली वाळू आजही उपसत बसावं लागतं.

आणि तेल काय शहराच्या अंगणात नव्हतं, दोनेकशे किलोमीटर आत समुद्रात होतं. 1972 ला ते निघायला लागलं तेव्हा बोटींची इंजिनं खोलणारे, वेल्डिंगवाले, विंचवाले (दोर-जाळी ओढायची यंत्रं सांभाळणारे) एस्बियर्गमध्ये आधीपासून होतेच, मासेमारीमुळे. तीच वर्कशॉपं रिगच्या, म्हणजे समुद्रातल्या तेल-फलाटांच्या कामाला लागली, आणि 2002 ला जवळच्या समुद्रात हॉर्न्स रेव्हला 80 पवनचक्क्या लागल्या तेव्हा वाऱ्याच्या कामाला. धक्क्यावर टॉवर उभे करून ठेवतात, पाती आडवी, मग जॅक-अप जहाज येतं, पाय तळाला टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलतं आणि क्रेनने माल चढवतं. एवढं वजन पेलणारा धक्का आणि मोकळी जागा, बंदर भाडं घेतं ते याचं. वाऱ्याचं नाही.

मच्छीमारांचं लपवलं वगैरे काही नाही, लेख बंदराच्या आजच्या कमाईवर होता. एकेकाळी शेकडो बोटी होत्या, बरीचशी मासळी फिशमीलला (जनावरांच्या खाद्यासाठी माशांची भुकटी) जायची, पुढे किती मासे धरायचे याचा कोटा आला, बोटी मोठ्या आणि मोजक्या झाल्या. वर्कशॉपवाला तगला, बोटवाला नाही, हे कटू आहेच.

झोडायचंच होतं तर दुसरीकडे झोडायचं ना! डिसेंबर 2024 मध्ये डेन्मार्कच्या उत्तर समुद्रातल्या पवनऊर्जेच्या टेंडरला एकही बोली आली नाही, शेवटी सरकारला सबसिडी कबूल करावी लागली. मधल्या काळात त्या मोकळ्या जागेचं भाडं कोण देणार? नाटोच्या लष्करी सामानासाठी बंदर तयार करणं चालू आहे खरं, पण त्यात वेल्डरला किती काम मिळेल, मला शंकाच आहे.