पगार उशिरा, हप्ता वेळेवर

कट्ट्यावरच्या वादाला निमित्त पक्याचा भाचा. पोराला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करायचंय, घरात साठवलेला पैसा नाही, तेव्हा चार वर्षांची सगळी फी कर्जातून. पक्या स्वतः मेकॅनिकलचा, कारखान्यात मेंटेनन्स बघतो. त्याचा सल्ला तयारच होता. "घे म्हटलं बिनधास्त. इंजिनिअरला कर्ज फेडायला असा कितीसा वेळ लागतो?"

"किती लागतो, सांग ना," सावकार म्हणाला. (हे टोपणनाव. बिचारा बँकेत कर्जविभागात आहे, एवढाच त्याचा गुन्हा.)

पक्यानं मोबाइल काढून अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा आकडा वाचून दाखवला. मे 2024 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरचा मध्यक पगार (सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधल्याचा) वर्षाला 1,02,320 डॉलर. "बघ. इंजिनिअर कुठंही उपाशी मरत नाही."

"सॉफ्टवेअर डेव्हलपरचा पण वाच की," वैशू म्हणाली. "1,33,080." ती मेकॅनिकल शिकली आणि सॉफ्टवेअरमध्ये गेली. पक्यानं हे तिला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

मास्तर इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतात. त्यांनी दोघांनाही थांबवलं. "त्या मध्यकात पंचवीस वर्षं मशिनशेजारी काढलेली माणसंही धरलेली आहेत. भाचा लागणार तळाला. त्याच तक्त्यात सगळ्यांत खालच्या दहा टक्क्यांचा पगार 68,740 च्या आत आहे, तो वाच. आणि ती सगळी अमेरिका आहे. पोरानं आपल्या कॉलेजचा आकडा आणायला हवा."

"कॉलेजनं दिलाय ना, सरासरी पॅकेज..."

"सरासरी!" मास्तर जवळजवळ ओरडलेच. दोन पोरांना गलेलठ्ठ ऑफर मिळाली की सगळ्या वर्गाची सरासरी फुगते. विचारायचं ते वेगळंच. मध्यक किती? मेकॅनिकलचा वेगळा आकडा काय, की सगळ्या शाखा एकत्र ढवळल्यात? ज्यांना नोकरी लागलीच नाही ते हिशेबात आहेत की गाळलेत? आणि पॅकेजमधलं दर महिन्याला हातात किती पडतं? कंपनीचा विमा, वर्षअखेरीचा बोनस, ग्रॅच्युइटी हे सगळं पॅकेजमध्ये दिसतं, हप्ता भरायला त्यातलं काही येत नाही.

मग सावकारानं हिशेब मांडला. मला विचाराल तर अख्ख्या संध्याकाळीत ऐकण्यासारखं हेच होतं.

"कर्ज 100 धर. चलन कुठलंही घे. दर वर्षाच्या सुरुवातीला 25 उचलायचे, व्याज दहा टक्के, शिकत असताना सरळव्याज. हप्ता नाही म्हणून पोरगं मजेत. पण पहिल्या 25 वर चार वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या 25 वर तीन, असं करत डिग्री हातात येते तेव्हा देणं 125 झालेलं असतं. नोकरी शोधायला वर्षाची सवलत घेतली तर आणखी 10. म्हणजे पहिला हप्ता जाण्याआधीच 135."

"आणि हप्ता?"

"दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 1.78. एकूण भरणा 214. पंधरा वर्षं मागून घेतलीस तर हप्ता 1.45 वर येतो, पण भरणा जातो 261 वर. लोक हप्ता कमी झाला म्हणून पेढे वाटतात, आणि वरचे 47 कुणी मोजत नाही."

शिकत असतानाच, आणि सवलतीच्या वर्षातही, दर महिन्याचं व्याज भरत गेलं तर काय, असं वैशूनं विचारलं. पहिल्या वर्षी ते जेमतेम 0.21 पडतं, मग वर्षागणिक वाढत जातं. पण मुद्दल 100 च राहतं, दहा वर्षांचा हप्ता 1.32 होतो आणि सगळं धरून भरणा 194 च्या आत राहतो. एका घरगुती शिकवणीच्या पैशात होण्यासारखं काम. आश्चर्य म्हणजे इथं पक्यानंही मान डोलावली.

"आता पगाराला लाव," सावकार म्हणाला. "कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराइतकं असेल तर पगारातले 21 टक्के हप्त्यात. दुप्पट असेल तर 43. मग भाडं, जेवण, घरी पाठवायचे पैसे कुठून?"

पक्या इथं उसळला. "अरे, पण पगार वाढतो ना! हप्ता तेवढाच राहतो, महागाई वाढते, दहाव्या वर्षी तो हप्ता चिल्लर वाटतो."

"दहाव्या वर्षी," सावकार म्हणाला. "पहिल्या तीन वर्षांचं बोल. आणि व्याजदर बदलता असला तर हप्ता तेवढाच राहतो हेही विसर."

इथं वैशूनं जे सांगितलं त्यानं वादाची दिशाच बदलली. तिला पहिली ऑफर एका छोट्या डिझाइन ऑफिसची होती. पगार कमी, पण गिअरबॉक्सचं खरं काम, जुन्या माणसांच्या हाताखाली. सॉफ्टवेअरवाल्यांची ऑफर जास्त पैशांची. "मला आवड बदलावी लागली असं समजू नकोस. हप्ता भरून डिझाइनच्या पगारात भाडं निघत नव्हतं, एवढंच. नोकरी मी निवडलीच नाही, हप्त्यानं निवडली."

मला हे पटतं, आणि मेकॅनिकलला जास्तच लागू पडतं. या शाखेत माणूस शिकतो तो नोकरीत. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) प्रत्यक्षात किती महाग पडतो, बेअरिंग गेलं तर दोष वंगणाचा, अलाइनमेंटचा की बसवणाऱ्याचा, हे वर्गात येत नाही. सुरुवातीची वर्षं कमी पगारात शिकण्याची असतात आणि त्याची किंमत पुढं मिळते. कर्ज मात्र डिग्रीनंतर वर्षभरात दारात उभं. कर्ज मोठं असेल तर शिकवणारी नोकरी सोडून भरणारी नोकरी धरावी लागते, आणि मग ज्या डिग्रीसाठी कर्ज काढलं ती कपाटात जाते.

"आणि मंदीचं काय?" मास्तर म्हणाले. "2009 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या मोटारकंपन्या एकामागोमाग दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. त्या साली पास झालेल्याचं गणित चुकलं नव्हतं, साल चुकलं होतं. गाड्या खपेनात की सुट्या भागांचे कारखाने भरती थांबवतात. बँक थांबते का?"

"एखाद-दुसरी मुदत देते," सावकार म्हणाला, "व्याज चालू ठेवून."

विजेच्या गाड्यांवरूनही थोडी खडाजंगी झाली. इंजिन गेलं, मेकॅनिकल संपलं, असं वैशूचं म्हणणं. बॅटरी थंड कोण ठेवणार, सॉफ्टवेअर का, असं पक्याचं. तो वाद दर आठवड्याला होतो, इथं लांबवत नाही.

पक्या आता वेगळ्या बाजूनं आला. मग गरिबाच्या पोरानं शिकायचंच नाही का? प्रश्न रास्त होता आणि सावकाराकडे त्याचं उत्तर नव्हतं. मास्तर म्हणाले, कर्ज वाईट नाही, त्याची घडण वाईट असते. ऑस्ट्रेलियानं 1989 मध्ये अशी पद्धत आणली की ठरावीक उत्पन्न झाल्याशिवाय फेड सुरूच होत नाही. कमाई थांबली की फेड थांबते. तशी सोय नसेल तर कमवत शिकायचं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात 1906 मध्ये हर्मन श्नायडर यांनी 27 विद्यार्थ्यांना घेऊन हेच सुरू केलं, आळीपाळीनं वर्ग आणि कारखाना. "आधी डिप्लोमा, नोकरी, मग डिग्री, हाही रस्ता आहे. वर्षं जास्त जातात. पण मेकॅनिकलला ती वाया जात नाहीत, ते तुलाच ठाऊक आहे पक्या."

"आणि डिग्री अर्धवट सुटली तर?" सावकार मध्येच म्हणाला. "सगळ्यांत वाईट फाइल तीच असते. चार वर्षांचं कर्ज, हातात कागद नाही. पोराचं गणित कसं आहे रे?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे?"

पक्या गप्प. मग सावकारानं खरा प्रश्न टाकला. "जामीनदार कोण?"

"मी."

कट्टा दोन क्षण शांत झाला. पक्यानं हे इतका वेळ सांगितलंच नव्हतं. सावकाराचा सूर उतरला, पण बोलायचं ते तो बोलला. भाच्याचा हप्ता थकला की वसुलीचा फोन पक्याला येणार, पत पक्याची खराब होणार, आणि उद्या पक्याला घरासाठी कर्ज लागलं तर ही सही आधी समोर येणार.

"म्हणजे सही करू नको म्हणतोस?"

"कर. पण कर्जाचा आकडा तू ठरव, भाच्यानं नको. पहिल्या वर्षाच्या पगाराच्या वर नाही. वरची फी शिष्यवृत्तीतून काढा, नाहीतर स्वस्त कॉलेज बघा."

"ते कॉलेज तेवढं नावाजलेलं नाही रे."

"मेकॅनिकलचा मध्यक विचारलास का तिथला?"

पक्यानं विचारला नव्हता. त्यानं तिथंच भाच्याला मेसेज टाकला: दोन्ही कॉलेजांचा मध्यक पगार, फक्त मेकॅनिकलचा, नोकरी न लागलेले धरून. वैशूनं खांद्यावरून डोकावून आणखी एक ओळ टाकायला लावली, पदवीनंतर तीन वर्षांनी किती जण अजून मेकॅनिकलमध्ये आहेत. मास्तरांच्या मते हा शेवटचा आकडा कुठलंच कॉलेज देणार नाही. सावकाराच्या मते, देत नसेल तर तेही उत्तरच आहे.