शून्याच्या निम्मे किती?

आमच्या घरात केर काढायचा तर आधी प्रमाण विचारून घ्यावं लागतं. सोफ्याखाली १:४५, पलंगाखाली १:८७, आणि माझ्या चष्म्याच्या घरात एकदा १:२२० चं, म्हणजे खऱ्याच्या दोनशेविसाव्या भागाएवढं, खेळण्यातलं इंजिन निघालं. त्याच्या दोन रुळांतलं अंतर साडेसहा मिलिमीटर. ते सांडलं की घरात श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

नवऱ्याला जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद आहे. लागण कोथरूडची, तिथलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिल्यापासूनची. पुढे नोकरीनं आम्हाला श्टुटगार्टला आणलं, आणि ग्योपिंगन तिथून तासाभराच्या आत. या गाड्या बनवणारी मेर्कलिन कंपनी १८५९ पासून तिथलीच. वारकऱ्याला पंढरपुरात क्वार्टर मिळावं, तसं झालं.

सुरुवातीला मी कौतुकानं मापं समजून घेतली. १८९१ मध्ये मेर्कलिननं दोन रुळांमधल्या अंतराला क्रमांक दिले. एक, दोन, तीन; आकडा मोठा तशी गाडी मोठी. एकाहून लहान गाडी काढायची वेळ आली, तेव्हा खाली आकडाच उरला नव्हता. म्हणून ती शून्य. मग शून्याची निम्मी केली, ती एचओ, म्हणजे 'हाफ झिरो'. शून्याच्या निम्मे किती, हे आमच्या गणिताच्या बाईंनी कधी शिकवलं नाही. इथे उत्तर १:८७ येतं. बरं, शून्य तरी एक असावं? जर्मनीत १:४५, इंग्लंडात १:४३.५, अमेरिकेत १:४८. इंग्रजांनी तर कहर केला. त्यांची इंजिनं मुळात अंगानं बारीक, त्यात तेव्हाच्या मोटरी मावेनात. मग गाडी केली १:७६ ची आणि रूळ ठेवले एचओचेच, साडेसोळा मिलिमीटर. वर्षानुवर्षं ती तशीच धावतेय आणि कुणाला काही वाटत नाही.

भावाचं गणित त्याहून अजब. जुन्या बाजारात नवरा आधी खोका बघतो, मग गाडी. खोका मूळचा, कोपरे शाबूत, आतला कागदही जागेवर, तर किंमत चढते. मग इंजिन उलटं करून तळाला पट्टी लावतो. जुन्या जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं, तर ते काही वर्षांनी फुगतं, वाकतं, तडकतं आणि बोट लावताच भुगा होतो. पट्टी आणि तळ यांच्यातून उजेड दिसला की नवरा खोका मिटून पुढे सरकतो.

१९५७ मध्ये अमेरिकेत लायोनेल कंपनीनं खास मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली. मुलींनी ढुंकून पाहिलं नाही. गाडीच घ्यायची तर त्यांना खऱ्यासारखी काळी हवी होती. आज तीच गाडी संग्राहकांना हवी.

"म्हणजे ज्या गाडीशी पोरं खेळलीच नाहीत, तिला भाव?" मी विचारलं.

"अगं, खेळलं की चाकं झिजतात!"

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. नातवाला कपाटाला हात लावू देत नाहीत म्हणून चिडल्या. लेकानं एकेका इंजिनाची किंमत सांगितली, खोक्याचं महत्त्व समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, तुझ्या काकांनी विलायतेहून आणलेली किल्लीची गाडी होती ना, ती रद्दीवाल्याला दिली मी," त्या म्हणाल्या. "तू दहावीत होतास तेव्हा. खोक्यासकट घेतली त्यानं."