मोत्याला सॅशे, मनीला कॅप्सूल

घरात कुत्रं आहे, मांजर आहे, आणि एकालाही अजून सप्लिमेंट चालू नाही? लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर काय सांगणार? केस गळताहेत, मोत्या जिना चढताना थांबतोय, एवढं निदान पुष्कळ झालं. डॉक्टरकडे मात्र जाऊ नका. ते आधी काट्यावर उभं करतात, आणि एकदा वजन कळलं की डोसाची सगळी मजाच जाते.

सुरुवात घरातल्या औषधांच्या डब्यापासून करा. आजींना हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेला ‘ड’ जीवनसत्त्वाचा सॅशे तिथे सापडेलच. त्यावर 60,000 आययू (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) असं छापलेलं असतं. दचकू नका. 40,000 आययू म्हणजे जेमतेम 1 मिलीग्रॅम, तेव्हा अख्ख्या सॅशेत माल दीडच मिलीग्रॅम. आता, कुत्र्याला किलोमागे 0.1 मिलीग्रॅमपासून त्रास सुरू होऊ शकतो आणि पाच किलोच्या पॉमेरेनियनला हा सॅशे दिला तर हिशेब 0.3 वर जातो, हे खरं. पण दुधात कालवताना भागाकार कोण करत बसतं?

दुसऱ्या दिवशी ते एखादी उलटी काढेल. ती उष्णतेवर ढकला. मग ते वाडगाच्या वाडगा पाणी पिईल आणि तासातासाला दाराशी उभं राहील. इथे घरच्यांना अभिमानाने सांगा, ‘बघा, औषध लागू पडलं, पाणी किती छान पितोय!’ रक्तातलं कॅल्शियम चढलं की अशीच तहान लागते, आणि तेच कॅल्शियम पुढे मूत्रपिंडात जाऊन बसतं. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं, त्यामुळे एकदा आत शिरलं की पाहुण्यासारखं आठवडेच्या आठवडे हलत नाही. सलाइन, रक्ततपासण्या, पुन्हा रक्ततपासण्या. 2019 मध्ये अमेरिकेत एका बड्या कंपनीला कुत्र्यांचं डबाबंद अन्न बाजारातून परत मागवावं लागलं, कारण त्यात हेच ‘ड’ जास्त पडलं होतं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती. तुमच्याकडे चहाचा चमचा आहे, म्हणजे काळजी नाही.

जर्मन शेफर्डचं पिल्लू असेल तर कॅल्शियमचं सिरप हवंच, नाहीतर कान उभे कसे राहणार? पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण आधीच बसवलेलं असतं. तरी वरून दोन चमचे ओता. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंचसं ते शोषून घेतं. मोठ्या जातींच्या वाढत्या हाडांना आणि सांध्यांना ते बाधतं. कान उभे राहतील की नाही ते त्यांच्या नशिबावर, पण पिल्लू लंगडायला लागेल हे बऱ्यापैकी शक्य आहे.

मांजराला वेगळं काही द्यायला नको. मांजर म्हणजे लहान कुत्रंच की. पायाला मुंग्या येतात म्हणून आजोबा जी कॅप्सूल घेतात, तिच्यात बहुतेकदा मिथाइलकोबालामिनबरोबर (म्हणजे ‘ब-12’ जीवनसत्त्व) 100 मिलीग्रॅम अल्फा लिपोइक आम्ल असतं. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द दिसला ना? मग झालं तर. तीन किलोच्या मनीला एक कॅप्सूल म्हणजे किलोमागे 33 मिलीग्रॅम. किलोमागे 30 ला निरोगी मांजरांच्या यकृताला आणि मज्जासंस्थेला इजा झालेली आहे. कुत्र्याच्या मानाने मांजर या औषधाला दसपट नाजूक. मनीच्या तोंडातून लाळ गळू लागली, चाल लटपटली, तर ‘गोळी कडू लागली वाटतं’ म्हणायचं. तोंडाची चव बदलायला रोज कलेजी द्या, जोडीला कॉड लिव्हर तेलही. महिनोन्‌महिने असं ‘अ’ जीवनसत्त्व साठत गेलं की मानेचे मणके एकमेकांना चिकटतात आणि मांजर स्वतःला चाटायलाही वळू शकत नाही. केस विस्कटलेले दिसले की केसांसाठीची गोळी आहेच.

गोचिडांवर लसणाची पावडर. नैसर्गिक आहे, आणखी काय हवं? कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतात, आणि कांदा तर मांजराला किलोमागे 5 ग्रॅमही पुरतो; लसूण त्याहून जहाल. गंमत म्हणजे हिरड्या पांढुरक्या पडणं, लघवी तपकिरी होणं हे काही दिवसांनी होतं. तोवर पावडर कुणाच्या लक्षातही नसते.

मुलांच्या बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्यांतून मोत्याला वाटा देताना घटकांमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) आहे का हे वाचू नका. दहा किलोच्या कुत्र्याची रक्तातली साखर पाडायला 1 ग्रॅम पुरे. कुत्र्यांसाठीच्या लिव्हर चवीच्या गोळ्यांची बरणी मात्र खालच्या फडताळात, सहज सापडेल अशी ठेवा. एकेक देत बसण्यापेक्षा तो साठही एका बैठकीत उरकेल. डब्यातली ऑक्सिजन शोषणारी पुडीही त्याच्यासाठी राहू द्या. तीत लोहाची भुकटी असते.

एवढं करून बिघडलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, म्हणजे रक्तातलं सोडियम चढून मेंदूलाही काही काम मिळेल. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर जायच्या आधी रिकामं पाकीट कचऱ्याच्या गाडीत टाका. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय दिलं, किती दिलं, किती वाजता?’, तर सांगा, ‘काही नाही हो, फक्त टॉनिक.’