काकांसाठी मिस्सा लावायची की नाही?

वसईच्या आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. शेजारचे काका वारले. ते हिंदू, आम्ही कॅथलिक. मावशीला त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लावायची होती. नुकताच कुठल्याशा रिट्रीटहून, म्हणजे धार्मिक शिबिराहून, आलेल्या भाच्याने लिहिलं, 'बाप्तिस्मा नाही तर तारण नाही, मिस्सा कशाला?' खाली धडाधड 'आमेन'.

याच काकांकडे आमच्या वाडीच्या पंपाची किल्ली असायची. आमच्या केळींना पाणी सोडून मग ते स्वतःच्या वाडीत जायचे. आणि त्यांच्या तारणाचा, म्हणजे सद्गतीचा, निकाल लावणार कोण, तर ज्याला तो पंप चालू करता येत नाही तो!

इथे कॅनडात, मिसिसागात असली चर्चा कुणी करत नाही. रविवारी आमच्या चर्चमध्ये फिलिपिनो, पोलिश, मल्याळी सगळे असतात, आणि मिस्सा संपली की पार्किंगमधून आधी कोण सुटतो याची घाई. बाप्तिस्म्याचा दाखला अनेक घरांत बाहेर निघतो तो कॅथलिक बोर्डाच्या शाळेत जेकेला (ज्युनिअर केजीला) नाव घालताना. शेजाऱ्याच्या तारणाची उठाठेव नाही. बरं वाटतं.

भाच्याला नियमच हवेत ना? चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेचं कलम 901 म्हणतं, धर्मगुरू कुणाहीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. बाप्तिस्म्याची अट तिथे नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाच्या, 1257 व्या परिच्छेदात तर स्पष्टच आहे: देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. 'चर्चबाहेर तारण नाही' हे वचन जुनं आहे, तिसऱ्या शतकातल्या बिशप सिप्रियनपासूनचं. पण बोस्टनचे फादर फीनी त्याचा असाच कडक अर्थ लावत राहिले, तेव्हा 1949 मध्ये रोमने पत्र पाठवून तो अर्थ नाकारला. पुढे बोलावूनही ते रोमला गेले नाहीत, आणि 1953 मध्ये चर्चबाहेर काढले गेले ते फीनीच.

दुसरा चुलतभाऊ लगेच माझ्या बाजूने आला, 'सगळे धर्म सारखेच.' हेही चर्च म्हणत नाही, बाबा. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटलं ते इतकंच: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि कृपेच्या बळावर सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मिळतं ते ख्रिस्तामुळेच. 'मिळू शकतं' आणि 'मिळालंच' यांत अंतर आहे.

मग भाच्याचा मेसेज आला, 'अंकल, तुमची मुलं जातात का मिस्सेला?'

धाकटी जाते. थोरला इस्टरला येतो, तोही आईसाठी. त्याच परिषदेचं त्याच दस्तऐवजातलं आधीचं कलम, चौदावं, मला पाठ आहे: चर्चची गरज कळूनही जो आत येत नाही किंवा आत राहत नाही, त्याला तारण नाही. आत असूनही जो प्रेमात टिकत नाही, त्यालाही नाही; आणि आपल्या लोकांचा न्याय अधिक कडक होईल. म्हणजे ही वाक्यं काकांसाठी नाहीतच. आमच्या जेवणाच्या टेबलासाठी आहेत.

मी भाच्याला लिहिलं की 'कळून सोडणं' आणि 'गोडीच न लागणं' वेगळं. इथे वाढलेल्या पोराला गावचं वातावरण, नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावणारी अख्खी आळी, यातलं काय मिळालं? त्याचा दोष किती? पाठवल्यावर दिसलं, काकांसाठी वापरलेलीच सूट मी मुलासाठी मागतोय. आणि एक गोष्ट खुपली. वसईत काकांच्या आत्म्यावरून आठवडाभर भांडणारी माणसं आहेत. इथे माझ्यावरून कोण भांडेल?

भाच्याचं उत्तर आलेलं नाही. मावशीने मात्र कुणाला न विचारता पॅरिश ऑफिसात जाऊन मंगळवारची मिस्सा लावली. पैसे माझ्याकडून घे म्हटलं, तर म्हणाली, तुझे वेगळे पाठव, तुझ्या थोरल्यासाठीही लावते.